सीमोल्लंघन चार चाकांवरून

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपतींची जी मेबॅक मोटार मंद गतीने येते, ती पाहायला बालपणापासून हातकणंगल्याहून जाणाऱ्या आम्हा चौघा मित्रांना, मेबॅकचा कारखाना जर्मनीतल्या फ्रीड्रिशहाफेन या सरोवरकाठच्या गावी होता हे कळले, आणि युरोपच्या नियोजित मोटारप्रवासाचा पहिला मुक्काम तिथल्या तिथे मुक्रर झाला.

तेथून ऑस्ट्रियामार्गे इटलीतला स्टेल्व्हिओ घाट गाठायचा. उंची २,७५७ मीटर. प्रातोच्या बाजूने ४८ नागमोडी वळणे, प्रत्येकावर क्रमांकाचा दगड. करूळ घाटात मुरलेल्या हातांनाही, सुकाणू डावीकडे आणि रहदारी उजवीकडून असल्यामुळे, पहिले दोन दिवस सपाटीवर सराव अवश्य करावा लागेल. हिवाळ्यात बर्फामुळे हा घाट बंद असतो. म्हणून जून ते सप्टेंबर हाच काळ धरावा.

दस्तऐवजांत आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना आपल्या परिवहन कचेरीतून मिळतो. त्याची मुदत फार तर एक वर्ष, आणि मूळ परवानाही जवळ हवाच. स्वित्झर्लंडच्या महामार्गावर एक दिवस जायचे तरी वर्षाचे ४० फ्रँक भरावे लागतात, हे आमच्या खजिनदाराच्या गळी अद्याप उतरलेले नाही.

सध्याचा वाद मात्र निराळाच आहे: भाड्याने घ्यायच्या पोर्शे ९११ चे इंजिन मागे आणि डिकी पुढे, तीही एवढीशी, मग दोन बॅगांच्या मध्ये कांदालसूण चटणीचा डबा उभा ठेवावा की आडवा?