गंधावर ठरते नर फळमाशीचे यश; आंबा बागांच्या रक्षणाचे सूत्रही त्यातच

युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतीय आंब्याच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तिचे कारण होते घरमाशीच्या आकाराचा एक कीटक. भारतातून गेलेल्या मालात फळमाश्या आढळल्याने ही कारवाई झाली होती. निर्यातीपूर्व तपासणीच्या व्यवस्थेत सुधारणा झाल्यानंतर जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरील बंदी उठवण्याचा निर्णय झाला. या किडीला आवर घालण्याचा एक प्रभावी मार्ग तिच्या नराच्या प्रणयरीतीतून सापडला आहे.

आंब्यावरील ‘बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस’ ही फळमाशी पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणाऱ्या चिलटांहून वेगळी आहे. तिची मादी पक्व होत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळ्या आतून गर खातात. वरून मात्र फळ अनेकदा निर्दोष दिसते.

या माश्यांचे मीलन सायंकाळच्या संधिप्रकाशात होते. नर पंख वेगाने फडफडवत गंध पसरवतो आणि मादी जोडीदार निवडते. नराचे वय, आरोग्य आणि आहारातील प्रथिने यांचा त्याच्या यशावर परिणाम होतो. परंतु त्याचा गंध विशेष महत्त्वाचा ठरतो. तुळशीसह अनेक वनस्पतींत आढळणारे ‘मिथाइल युजेनॉल’ हे द्रव्य नर अधाशीपणे खातो. शरीरात त्याचे रूपांतर होऊन तयार झालेली सुगंधी द्रव्ये गुदाशयातील ग्रंथीत साठतात आणि मीलनसमयी बाहेर सोडली जातात. हे द्रव्य मिळालेले नर न मिळालेल्या नरांपेक्षा अधिक यशस्वी ठरतात आणि हा लाभ काही आठवडे टिकतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

या आकर्षणाच्या शोधाचे मूळ भारतातच आहे. बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेतील कीटकशास्त्रज्ञ फ्रँक हॉवलेट यांनी सिट्रोनेला तेलाकडे नर फळमाश्या ओढल्या जातात, अशी नोंद १९१२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यामागील मिथाइल युजेनॉलची भूमिका त्यांनी १९१५ मध्ये मांडली. आज आंबा बागांत टांगले जाणारे सापळे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळाही, याच तत्त्वावर चालतात.

मात्र या सापळ्यांत नरच अडकतात, अंडी घालणारी मादी नव्हे. एक नर अनेक माद्यांशी मीलन करू शकत असल्याने थोडे नर उरले तरी प्रजनन सुरू राहते. शिवाय ज्या नरांनी हे द्रव्य आधीच खाल्ले आहे, त्यांची सापळ्याकडील ओढ काही काळ मंदावते. म्हणूनच सापळे हंगामाच्या आरंभापासून आणि परिसरातील सर्व बागांत एकाच वेळी लावणे, तसेच गळलेली किडकी फळे गोळा करून नष्ट करणे आवश्यक ठरते.

हीच मर्यादा दुसऱ्या उपायात उपयोगी पडते. किरणोत्साराने वंध्य केलेले नर मोठ्या संख्येने सोडले, की त्यांच्याशी मीलन झालेल्या माद्यांची अंडी उबत नाहीत. परंतु प्रयोगशाळेत वाढलेले नर रानटी नरांपुढे अनेकदा फिके पडतात. सोडण्यापूर्वी त्यांना मिथाइल युजेनॉल दिल्यास ते माद्यांना अधिक आकर्षित करतात आणि सापळ्यांत कमी सापडतात. त्यामुळे सापळे आणि वंध्य नर हे दोन्ही उपाय एकाच बागेत एकत्र वापरता येण्याची शक्यता निर्माण होते.