अडाणकाठचा धडा

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्याने कापूस, तूर आणि सोयाबीन यांच्या शेतांमधून वाट काढीत गेले, की अडाण नदीच्या काठी बोरी अरब हे गाव लागते. नदीचे नाव प्रथमच ऐकणाऱ्या शहरी पाहुण्याला अडाणीपणाची आठवण होऊन तो गालातल्या गालात हसतो. परंतु त्याच नदीची माहिती आंतरजालावर शोधण्याचा प्रसंग आला, म्हणजे हसे त्याचेच होण्याचा संभव अधिक. कारण हे नाव रोमन अक्षरांत लिहू गेल्यास त्यातील ‘ड’ आणि ‘ण’ हे दोन्ही मूर्धन्य वर्ण गळून पडतात, ‘अडाण’चे ‘अदन’ होते, आणि अरबस्तानच्या दक्षिण टोकावरील ज्या बंदराला आपण एडन म्हणतो त्याचेही अरबी नाव अदनच असल्यामुळे, दारव्हा तालुक्यातला जिज्ञासू विद्यार्थी पाहता पाहता येमेनच्या किनाऱ्यावर जाऊन उभा राहू शकतो. गावाच्या नावातील ‘अरब’ हा शब्द त्याने सोबत दिला, तर या गैरसमजाला पुष्टीच मिळायची.

यात त्या मुलाचा अपराध नाही आणि यंत्राचाही नाही. यंत्राने हुकमाची तामिली तंतोतंत केली. हुकूम कसा द्यावा, आलेले उत्तर कसे तपासावे आणि उत्तरांच्या गर्दीतून धड्यापुरते काय उचलावे, हे मुलाला शिकविण्याचे काम शिक्षकाचे. पण शिक्षकाला ते कोणी आणि कोणत्या रीतीने शिकविले, हा प्रश्न मात्र आपल्याकडे फारसा विचारला जात नाही.

भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजालाची सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. पुढे २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचला. सरकारी नोकरांप्रमाणे शिक्षकांनाही ही परीक्षा आवश्यक ठरली, आणि एका अख्ख्या पिढीच्या हातांना संगणकाच्या कळफलकाची सवय लागली, हे श्रेय त्या योजनेला दिलेच पाहिजे. परंतु ज्या परीक्षेच्या दाखल्याची नोंद सेवापुस्तिकेत होते आणि जिचा संबंध वेतनवाढीशी जोडला जातो, ती परीक्षा माणूस नोकरीसाठी देतो, वर्गासाठी नव्हे. पत्र टंकित करणे, तक्ता भरणे, सादरीकरणाच्या पट्ट्या रचणे हे कचेरीचे कौशल्य गुरुजींना अवगत झाले. अपूर्णांकांचा धडा किंवा नदीचा धडा या साधनाने अधिक चांगला कसा शिकवावा, हा मुद्दा त्या अभ्यासक्रमाच्या कक्षेबाहेर राहिला.

साधन आधी आणि धडा मागाहून, या क्रमाचे फळ महाराष्ट्राने आणखी एका ठिकाणी पाहिले आहे. ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या जागतिक चळवळीचा भारतातील आरंभीचा प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात येथील एकशिक्षकी प्राथमिक शाळेत झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या, हाताळायला सुबक यंत्रांनी मुले हरखून गेली आणि त्याची वार्ता दूरवर पोहोचली. या चळवळीचा मोठा पसारा मात्र दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात झाला. तेथील ३१९ ग्रामीण शाळांचा आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या संशोधकांनी अभ्यास केला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला, की शाळांतून संगणकांची संख्या पुष्कळ वाढली, तथापि गणित व भाषा या विषयांतील मुलांच्या संपादनात लक्षणीय फरक पडला नाही. यंत्र मुलाच्या हाती थेट द्यावे, शिक्षक मध्ये नसला तरी चालेल, ही जी श्रद्धा त्या काळी बोलून दाखविली जात असे, तिला या निष्कर्षाने चांगलाच धक्का बसला.

याहून जुना दाखला अधिक बोधप्रद आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने आपल्या देशातील सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. पण त्या उपक्रमाचा एक भाग आपण अभ्यासण्याजोगा आहे. विज्ञान शिकविणाऱ्या जवळजवळ ५० हजार प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षण त्या वर्षात झाले, आणि ते केवळ पडद्याकडे पाहत बसण्याचे नव्हते. कार्यक्रमाच्या जोडीला लिखित साहित्य होते, हाताने करावयाचे प्रयोग होते, आणि प्रत्येक केंद्रावर चर्चा चालवणारा माणूस होता. पन्नास वर्षांपूर्वी, दूरचित्रवाणी संच ही खेड्यात नवलाची वस्तू असताना, योजना आखणाऱ्यांना हे उमगले होते, की चित्र आकाशातून आणता येते, पण त्याचा अर्थ खोलीतच लावावा लागतो.

अमेरिकेत मिशिगन राज्य विद्यापीठात काम करणाऱ्या पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोलर या दोन अभ्यासकांनी २००६ मध्ये याच जाणिवेला शास्त्रीय रूप दिले. विषयाचे ज्ञान, शिकविण्याच्या रीतीचे ज्ञान आणि तंत्राचे ज्ञान ही तीन वेगवेगळी गाठोडी शिक्षकाच्या पाठीवर लादून उपयोग नाही, तिन्हींचा जेथे छेद होतो तेथेच खरे कौशल्य असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

महाराष्ट्रातल्या काही शिक्षकांनी हे प्रतिपादन वाचल्याशिवायच आचरणात आणले. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा या पाड्यावरची जिल्हा परिषद शाळा संदीप गुंड यांच्या खटपटीने डिजिटल शाळा म्हणून नावारूपास आली आणि ठिकठिकाणचे शिक्षक ती पाहावयास येऊ लागले. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथे रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून त्यामागे ध्वनिफिती, चित्रफिती आणि स्वाध्याय ठेवण्याची त्यांची कल्पना पुढे राज्याच्या पुस्तकांतही आली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लक्ष डॉलरचे ‘ग्लोबल टीचर प्राइज’ जाहीर झाले आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील नऊ सहस्पर्धकांत वाटून दिली. या उदाहरणांतली समान गोष्ट अशी, की शिक्षकाच्या डोक्यात आधी अडचण होती आणि मग साधन आले.

सरकारनेही हातपाय हलविले नाहीत असे नाही. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि लोकवर्गणीतून शाळाशाळांत पडदे व प्रक्षेपक बसले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्राचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले. मार्च २०२० मध्ये महामारीने शाळांना कुलूप लागले, तेव्हा ज्या शिक्षकांनी कधी चित्रफीत पाठविली नव्हती त्यांनीही वॉट्सअ‍ॅपवर वर्ग भरविले, आणि ‘निष्ठा’ हे सेवांतर्गत प्रशिक्षण दीक्षाच्या द्वारे घरबसल्या घडू लागले. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर प्रत्येक शिक्षकाने दरसाल ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा नोंदविली. परंतु चित्रफीत शेवटपर्यंत पुढे सरकली, प्रश्नावलीचे रकाने भरले आणि प्रमाणपत्र उतरवून घेतले, एवढ्यावर प्रशिक्षण संपत असेल, तर एमएस-सीआयटीच्या काळातला दाखला केवळ कागदावरून पडद्यावर आला, असेच म्हणावे लागेल.

इकडे मुले थांबलेली नाहीत. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता, त्यांच्यापैकी मागील आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काही काम त्यावर केलेली ५७ टक्के होती, तर समाजमाध्यमांवर वावरलेली ७६ टक्के. गुरुजींनी आंतरजाल वर्गात आणावे की नाही, हा वाद त्यामुळे निकालात निघाला आहे. ते वर्गाच्या दारापर्यंत मुलांच्या खिशातून आलेच आहे.

मग अर्थपूर्ण वापर म्हणजे काय? तो बोरी अरबच्या नदीवरच आजमावून पाहू. समजा, शिक्षकाने प्रथम मुलांनाच विचारले, की आपल्या अडाणेचे पाणी शेवटी कोठे जाते. आणि प्रत्येकाचा अंदाज फळ्यावर मांडला. त्यानंतर इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावरील उपग्रहचित्रात नदीची निळी-मातकट रेघ धरून मुले बोटाने खाली उतरू लागली. वाशीम जिल्ह्यातून आलेली अडाण पैनगंगेस मिळते, पैनगंगा वर्धेस, वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता, प्राणहिता गोदावरीत, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. आपल्या पुलाखालचे पाणी पूर्व समुद्राला जाते हे मुलाने स्वतः हुडकले, म्हणजे फळ्यावरचा आपला चुकलेला अंदाज तो स्वतःच्या हाताने पुसतो. पडद्याचे काम पंधरा मिनिटांचे. त्याच्या आधीचा प्रश्न आणि नंतरचा नकाशा वहीत काढणे, हा धड्याचा देह.

गणिताच्या तासाला हेच दुसऱ्या वाटेने घडू शकते. केंद्र सरकारच्या ‘अ‍ॅगमार्कनेट’ या स्थळावर बाजार समित्यांमधील शेतमालाचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर रोजच्या रोज प्रसिद्ध होतात. सातवी-आठवीच्या मुलांनी सोयाबीनचे एका आठवड्याचे दर उतरवून घ्यावेत, त्यांची सरासरी काढावी, आणि ती ‘सर्वसाधारण’ दराशी का जुळत नाही याचा शोध घ्यावा. किमान आणि कमाल यांचा मध्य म्हणजे सर्वसाधारण नव्हे, ज्या भावाने अधिक माल गेला तो सर्वसाधारण, हे उमगले की बहुलक ही संकल्पना पुस्तकातून उठून बाजारात जाते. आणि घरी असलेली अडत्याची हिशेबपट्टी त्या दराशेजारी ठेवली, की पडद्यावरच्या आकड्याला साक्षीदार मिळतो. कधी तो साक्षीदार उलटतो, आणि तेव्हा तर खरा अभ्यास सुरू होतो. ओलावा किती होता, माल चाळलेला होता की नव्हता, दर कोणत्या दिवशीचा, हे प्रश्न मुले आपण होऊन विचारतात.

असे धडे बांधण्याचे प्रशिक्षण पुण्यामुंबईच्या सभागृहात दोन दिवसांत उरकत नाही. त्याची योग्य जागा महाराष्ट्राने पूर्वीच निर्माण करून ठेवली आहे. १९९४ च्या सुमारास राज्यात केंद्रप्रमुखांची ४८६० पदे निर्माण झाली; दहा-बारा शाळांचे एक केंद्र, आणि त्या केंद्रातील शिक्षकांची दरमहा शिक्षण परिषद, अशी ती रचना. ही परिषद आज पुष्कळदा परिपत्रके वाचण्यात आणि माहितीचे तक्ते गोळा करण्यात खर्ची पडते. त्याऐवजी एका शिक्षकाने एक धडा आंतरजालाच्या साहाय्याने सर्वांसमोर घ्यावा, इतरांनी तो चिकित्सकपणे पाहावा, स्वतःच्या वर्गात महिनाभर करून पाहावा, आणि पुढच्या परिषदेत काय फसले ते आधी सांगावे. संकेत मिळेनासा झाला तर काय करावयाचे, याचाही पाठ त्यातच व्हावा. एकच फोन असला तर पाने आदल्या दिवशी उतरवून ठेवणे आणि वर्गाचे गट पाडणे ही युक्ती कोणत्याही सादरीकरणापेक्षा मोलाची आहे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने त्यातले उत्तम धडे निवडून इतर केंद्रांना पोहोचवावेत. धोरणातले ५० तास असे खर्ची पडले, तर दरसाल प्रत्येक केंद्रापाशी दहा चोख धड्यांची शिल्लक राहील.

आणखी एक उणीव शिक्षकाच्या हातची नाही. मराठीत शोध घेणाऱ्याला मराठीत उत्तर मिळावे, इतका मजकूर आंतरजालावर असला पाहिजे. वाईच्या विश्वकोशाचे खंड आता तेथे आले आहेत, मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. परंतु लहान नद्या, आठवडी बाजार, गावची पिके यांविषयी विश्वसनीय मराठी मजकूर फार तुटपुंजा आहे. तो बाहेरचा कोणी येऊन लिहिणार नाही. दारव्हा-यवतमाळकडून नोकरीनिमित्त दूर गेलेल्या वाचकांना म्हणून एवढीच विनंती, की या दिवाळीत गावी जाल तेव्हा शाळेला पडदा किंवा प्रक्षेपक भेट देण्याआधी एक दुपार तेथील शिक्षकांसोबत आणि मुलांसोबत नदीकाठी घालवा, जे पाहाल व ऐकाल ते त्यांच्याकडून मराठीत लिहून घ्या, आणि विकिपीडियावर चढवा. त्या नोंदीत ‘ड’ आणि ‘ण’ शाबूत असतील, आणि अडाणेचा शोध घेणारे पुढचे मूल एडनला जाणार नाही.