तिरपे अक्षर बिलबुकात कुठवर चालेल?

बिलबुक छापायला गेले की छापखानेवाला विचारतो, "शेठ, अक्षर सरळ ठेवू की इटॅलिक?" मोऱ्यातले आमचे कापडवाले भाई बहुधा "छान दिसेल ते टाका" म्हणून मोकळे होतात. मग माल परत घेण्याच्या अटी बारीक तिरप्या अक्षरात येतात, गिऱ्हाईक हुज्जत घालते आणि बिलावर काय लिहिले आहे ते दोघांनाही धड वाचता येत नाही. म्हणून ही चीज मुळात काय आहे ते पाहू.

इटॅलिक म्हणजे इटलीचे. व्हेनिसचे पुस्तक-व्यापारी आल्डुस मानुशिअस यांनी १५०१ साली व्हर्जिल कवीचे लहान, हाताळायला सोपे पुस्तक काढले, ते सबंध या अक्षरात. ठसे कोरले फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने, तेथील मुनशी लोकांच्या भरभर लिहिण्याच्या वळणावरून. कॅपिटल अक्षरे तेव्हा सरळच होती. म्हणजे इटॅलिक हे सरळ अक्षर वाकवून झालेले नाही, त्याचे वळणच निराळे. इंग्रजी पुस्तकात लहान 'ए' पाहा. सरळ छपाईत तो बहुधा दोनमजली, इटॅलिकमध्ये एकमजली. उर्दू शिकलेल्यांना नस्ख आणि नस्तालीक म्हटले की फरक लगेच कळेल. नस्तालीकचा उतार शिशाच्या खिळ्यांत नीट बसेना, म्हणून उर्दू छपाई फार काळ कातिबांच्या हातावर चालली. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या अक्षरांवरून संगणकाचे नूरी नस्तालीक आले, तेव्हा वाट मोकळी झाली.

मराठीचे काय? जावजी दादाजींनी मुंबईत १८६४ साली खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. तो काळबादेवीच्या कोलभाट गल्लीत, आपल्या कापडबाजाराच्या शेजारीच. त्यांचे ठसे राणू रावजी आरू यांनी कोरले. मालकाचे नाव राहते, कारागिराचे पुसले जाते, म्हणून मुद्दाम सांगितले. देवनागरीला जोडाक्षरांसह शेकडो खिळे लागत. तिरपा दुसरा संच करायचा तर तेवढाच खर्च पुन्हा. शिवाय आपले अक्षर शिरोरेषेला टांगलेले आणि काना उभा. त्यामुळे जोर द्यायला मराठीत ठळक अक्षर किंवा अवतरणचिन्ह वापरण्याची चाल पडली.

आता संगणकावर एक बटण दाबले की अक्षर कलते. पण पुष्कळदा ते नुसते ढकललेले असते, त्याला स्वतःचे वळण नसते. काना कलतो, रेषा आडवीच राहते. बारीक आकारात 'ख' आणि 'रव' यांत घोटाळा होतो, शेवटची वेलांटी पुढच्या कंसाला भिडते. दुकानाच्या नावाला किंवा दावतपत्राच्या एखाद्या ओळीला हे चालेल. भाव, मीटर, अटी आणि पत्ता मात्र सरळ अक्षरातच घ्यावा. प्रूफ मागावे आणि ते छापखान्याच्या दिव्याखाली न वाचता आपल्या गल्ल्यावर बसून वाचावे.