येझदी ओढत का नाही

जुन्या मोटरसायकलच्या इंजिनाची ताकद एकाएकी जाते असे क्वचितच घडते. ती महिनोन्‌महिने थोडीथोडी घटत राहते, चालवणाऱ्याचा हात आणि कान त्या घटीशी नकळत जुळवून घेतात, आणि ज्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी सहज निघून जात असे तिथे दुसरा गिअर टाकावा लागला, की मगच तक्रार शब्दांत उतरते. भोपाळच्या दक्षिण भागातील शाहपुरा परिसरात, तलावाच्या आसपासच्या आणि चुनाभट्टी, कोलार रस्त्याकडे जाणाऱ्या चढ-उताराच्या वाटांवर, ही तक्रार "गाडी पिकअप घेत नाही" एवढ्या चार शब्दांत मिस्त्रीपुढे ठेवली जाते. या चार शब्दांमागे निदान सहा-सात वेगवेगळी कारणे असू शकतात, आणि त्यांतले खरे कोणते हे ओळखण्याचे शास्त्र टू-स्ट्रोक इंजिनाच्या बाबतीत विशेष बारकाईचे आहे. म्हैसूरच्या कारखान्यात बनलेली जावा-येझदी हे त्याचे उत्तम उदाहरण ठरते.

या गाडीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या परवान्यावर आयडियल जावा या कंपनीने १९६१ मध्ये म्हैसूर येथे उत्पादन सुरू केले, १९७०च्या दशकात गाडीला येझदी हे नाव मिळाले, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. भोपाळशी तिचे नाते जोडणारी पार्श्वभूमीही लक्षात घेण्याजोगी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला आली, आणि सचिवालयाच्या दप्तराबरोबर अनेक मराठी कर्मचारीही इथे येऊन स्थायिक झाले. त्या पिढीच्या कमावत्या वयातच ही मोटरसायकल बाजारात होती, आणि वडिलांची किंवा आजोबांची गाडी म्हणून ती सांभाळणारी घरे आजही सापडतात. अशा गाडीला पुन्हा ओढ आणून देण्याचे काम भावनेपेक्षा क्रमावर अवलंबून असते, आणि हा क्रम बहुतेक वेळा उलटा धरला जातो.

येझदीच्या २५० सीसी इंजिनात सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर असते. टू-स्ट्रोक इंजिनाला झडपा नसतात. पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या, म्हणजे पोर्ट, स्वतःच उघडतो आणि झाकतो. पिस्टन वर जाताना त्याच्या खालच्या बंद पोकळीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण ओढले जाते. तो खाली येताना आधी जळालेल्या वायूची वाट मोकळी होते आणि लगेच क्रँककेसमधले ताजे मिश्रण वर ढकलले जाते. जुना वायू बाहेर पडला तरच नव्याला जागा मिळते, म्हणून टू-स्ट्रोकमध्ये धूर बाहेर नेणारा मार्ग हा इंजिनाचाच एक कार्यकारी अवयव मानावा लागतो. तक्रार आली की बहुतेकांचा हात प्रथम कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो, कारण तो समोर दिसतो आणि एका पेचकसाने फिरतो. परंतु शोध गाडीच्या मागच्या टोकापासून सुरू करणे अधिक शहाणपणाचे आहे.

त्याही आधी दोन साध्या गोष्टी पाहाव्या लागतात. गाडी स्टँडवर घेऊन चाके हाताने फिरवली असता ती मोकळी फिरली पाहिजेत, कारण ड्रममध्ये घासत राहणारा ब्रेक हाच पुष्कळदा खरा दोषी असतो आणि खापर मात्र इंजिनावर फुटते. दुसरे म्हणजे चढावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग मात्र वाढत नाही असे होत असेल, तर इंजिन निर्दोष असून क्लच घसरत आहे. येझदीत गिअरचा पाय दाबताच क्लच आपोआप सुटण्याची यंत्रणा असल्याने तिची जुळवणी थोडी चुकली तरी क्लचप्लेट पूर्ण दाबाखाली बसत नाहीत.

यानंतर सायलेन्सर. येझदीच्या एकाच सिलिंडरला धुराची दोन तोंडे आणि दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर असतो, आणि ही रचना निदानाला मोठी सोयीची आहे. इंजिन मंद चालू ठेवून दोन्ही सायलेन्सरच्या तोंडामागे काही अंतरावर दोन तळहात धरले, तर दोन्ही तळव्यांवर धुराचे ठोके सारख्याच जोराने बसले पाहिजेत. एका बाजूचा ठोका मऊ लागला की ती बाजू काजळीने भरली आहे असे समजावे. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, ते अर्धवट जळून पोर्टच्या कडांवर आणि सायलेन्सरच्या आतल्या भोकांच्या नळीवर थरांनी बसते, आणि शहरातल्या मंद, थांबत-थांबत होणाऱ्या प्रवासात सायलेन्सर पुरेसा तापत नसल्याने हा थर झपाट्याने वाढतो. अशी गाडी मंद वेगात सुरेख चालते, परंतु अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे मूठ कितीही पिळली तरी उघडत नाही. आतली नळी काढून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवणे किंवा जाळून काढणे, आणि सिलिंडर उतरवून पोर्टची काजळी मऊ धातूच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडणे, एवढ्याने गेलेल्या ताकदीचा बराच वाटा परत मिळतो.

सायलेन्सर मोकळा असूनही चढावर गाडी फुटते, म्हणजे मधूनच एखादा ठोका चुकवते, तेव्हा लक्ष उजव्या झाकणाखाली वळवावे लागते. तिथे क्रँकच्या टोकाशी कॉन्टॅक्ट ब्रेकर असतो, ज्याला मिस्त्री नुसते "पॉइंट" म्हणतात. या गाडीतील सर्वांत विलक्षण आणि सर्वांत हट्टी भाग कोणता असे विचारले, तर याचेच नाव घ्यावे लागेल. दोन लहान धातूच्या टिकल्या एकमेकींना टेकलेल्या असतात. क्रँकवरचा कॅम त्यांना दूर करतो त्या क्षणी कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. मिनिटाला ४५०० फेऱ्यांच्या वेगात ही क्रिया सेकंदाला ७५ वेळा घडते. टिकल्यांमधले कमाल अंतर सुमारे ०.४ मिलिमीटर असते, आणि पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या सुमारे ३ मिलिमीटर आधी, म्हणजे क्रँकच्या फेरीत साधारण २० अंश आधी, त्या उघडाव्यात अशी जुळवणी असते.

कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजली की अंतर कमी होते, टिकल्या उशिरा उघडतात, ठिणगी मागे पडते आणि इंजिन सुस्त व तापट होते. याच्या उलट, कंडेन्सर निकामी होऊ लागला की टिकल्यांमध्येच ठिणग्या उडतात, एका टिकलीवरचा धातू उडून दुसरीवर उंचवटा तयार होतो, आणि मग फीलर गेजची पाती त्या उंचवट्यावर टेकून खोटे माप दाखवते; पातीप्रमाणे ०.४ लावलेले अंतर प्रत्यक्षात बरेच जास्त निघते. जाणता कारागीर म्हणूनच आधी टिकल्या बारीक दगडावर सपाट करतो आणि मगच माप घेतो. उघडण्याचा नेमका क्षण पकडण्यासाठी तो सिगारेटच्या पाकिटातला नव्हे, सिगारेट वळण्याचा पातळ कागद टिकल्यांमध्ये धरतो, क्रँक हळूहळू फिरवतो, आणि कागद सुटून हाती आला त्या स्थितीत प्लगच्या भोकातून पिस्टनची उंची मोजतो. एवढी सूक्ष्म जुळवणी ज्या कॅमवर अवलंबून आहे तो कॅम मात्र क्रँकच्या टोकाला बसवलेला असतो, आणि क्रँकचे बेअरिंग सैल झालेले असेल तर कॅम डोलतो व अंतर प्रत्येक फेरीत बदलते. अशा इंजिनावर पॉइंट पुनःपुन्हा लावत बसणे व्यर्थ आहे. थंड असताना ठीक आणि वीस मिनिटांनी गरम झाल्यावर फुटणारी गाडी हे बहुधा कंडेन्सरचे किंवा कॉइलचे लक्षण असते, हेही इथेच नोंदवायला हवे.

तिसरी शक्यता क्रँकच्या दोन टोकांवरील रबरी सीलची. क्रँककेस हाच मिश्रणाचा पंप असल्याने तो हवाबंद राहणे आवश्यक असते. डावीकडचे सील गेले तर इंजिन गिअरबॉक्सचे तेल ओढून पांढुरका धूर सोडते आणि तेलाची पातळी उतरत जाते. उजवीकडचे गेले तर फुकटची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोलचे प्रमाण घटते, आणि मूठ सोडल्यावरही इंजिनाचा वेग लगेच खाली येत नाही. हे शेवटचे लक्षण दुर्लक्षिले गेले तर पिस्टन तापून सिलिंडरला चिकटण्यापर्यंत मजल जाते. कार्ब्युरेटरची पाळी यानंतर येते, आणि तेव्हा जेट, फ्लोटची पातळी व सुईच्या खाचा यांचे काम सरळ होते, कारण बाकीचे संशयित दूर झालेले असतात.

खरी चिंता इथून पुढे सुरू होते. ही गाडी ज्या पेट्रोलसाठी घडवली गेली ते पेट्रोल आता मिळत नाही. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि मूळ २०३० चे लक्ष्य २०२५ वर आणले गेले. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलो; त्यामुळे २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५ किलो पुरते. आधुनिक इंजेक्शनचे इंजिन सेन्सरच्या मदतीने इंधन वाढवून घेते, परंतु येझदीच्या पितळी जेटचे भोक ठरलेले असते, म्हणून तिचे मिश्रण सात-आठ टक्के पातळ होते. भोपाळचे हवामान यात भर घालते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यातील ४२ अंशांच्या विरळ हवेत जुळवलेली गाडी जानेवारीतील १० अंशांच्या पहाटे सुमारे ११ टक्के अधिक दाट हवा ओढते, आणि तिचे मिश्रण आणखी पाचेक टक्क्यांनी पातळ होते. म्हणजे उन्हाळ्यात झाकला गेलेला दोष हिवाळ्यात उघडा पडतो, आणि नेमका तेव्हाच तो पॉइंटच्या माथी मारला जातो. मुख्य जेट एका क्रमांकाने वाढवणे आणि सुई एक खाच वर घेणे हा यावरचा उपाय असला, तरी तो वर्षातून दोनदा प्लगचा रंग पाहून तपासावा लागतो, आणि आजच्या पेट्रोलवर हा रंगही पूर्वीसारखा स्पष्ट उमटत नाही.

इथेनॉल जुन्या रबराला फुगवते आणि हवेतली ओल शोषून घेते. भोपाळच्या पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळे होऊ शकते, आणि तो थर कार्ब्युरेटरमध्ये उतरला की दुसरी कोणतीही जुळवणी उपयोगी पडत नाही. सुट्या भागांची स्थिती याहून अवघड आहे. जावा आणि येझदी ही नावे २०१८ आणि २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आली आणि त्या नव्या गाड्या मध्य प्रदेशातच, पीथमपूर येथे बनतात, हा योगायोग सुखद वाटतो. परंतु त्यांची इंजिने पाण्याने थंड होणारी फोर-स्ट्रोक असल्याने त्यांचा एकही अंतर्भाग जुन्या गाडीला बसत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाल्यावर नव्या दुचाकींत कार्ब्युरेटर जवळजवळ उरलाच नाही, त्यामुळे त्यानंतर गॅरेजमध्ये शिकायला आलेल्या मुलावर कार्ब्युरेटर हाताळण्याचा प्रसंग कमी येतो. बाजारात मिळणाऱ्या पॉइंटची टाच काही वेळा इतकी मऊ निघते, की थोड्याच प्रवासात अंतर बदलते.

या परिस्थितीत मालकाच्या हातात राहण्यासारखे थोडेच आहे, परंतु ते निश्चित आहे. क्रँकची सील मापाने मागितली तर बेअरिंगच्या दुकानात व्हिटॉन या इथेनॉल सोसणाऱ्या रबरात मिळू शकतात. जुना अस्सल कंडेन्सर सापडला तर तो मिळेल त्या किमतीला घेऊन ठेवावा. आणि गाडी आठवड्याहून अधिक काळ उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून, फ्लोटच्या वाटीतले इंधन संपून इंजिन आपोआप थांबेपर्यंत ते चालू ठेवावे.