टोळधाडीचा नकाशा व तो भरणारे हात

सन २०२० च्या मे महिन्याच्या अखेरीस मध्यप्रदेशांतून टोळांच्या झुंडी अमरावती, वर्धा व नागपूर या जिल्ह्यांत उतरल्या, हें आमच्या वऱ्हाड-नागपुराकडील वाचकांच्या स्मरणांत असेलच. कोणी डबे वाजविले, कोणी धूर केला; शेतकी खात्यानें रात्रीं झाडांवर फवारणी केली. हा पाहुणा विदर्भांतला नव्हे. त्या वर्षींच्या वसंतांत इराण व बलुचिस्तान येथें झालेल्या पैदाशीचा तो पुढचा प्रवास होता, व त्याची वाट रोम येथील एका नकाशावर ठिपक्याठिपक्यांनीं उमटत होती. एकमेकांस कधीं न भेटलेले, निरनिराळ्या देशांतले शास्त्रज्ञ व निरीक्षक एकच नकाशा कसा भरतात, आणि त्याचें साधन बनविणारास कोणता विचार करावा लागतो, हा विषय शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा असल्यामुळें त्याचा थोडा परामर्श येथें घेत आहों.

वाळवंटी टोळाची एक चौरस किलोमीटरची झुंड म्हणजे चार ते आठ कोटी जीव. प्रत्येक जीव रोज आपल्या वजनाइतका, म्हणजे सुमारें दोन ग्रॅम, हिरवा पाला खातो. दिवसां वाऱ्याबरोबर शंभर-दीडशें किलोमीटर उडून रात्रीं झाडांवर उतरणाऱ्या या कीटकास देशांच्या सीमा ठाऊक नाहींत. सबब एका देशानें आपल्यापुरता नकाशा करून भागत नाहीं. हें ओळखून बोरिस उव्हारॉव्ह या कीटकशास्त्रज्ञानें १९२९ पासून लंडन येथें दूरदूरच्या नोंदी एकत्र करण्यास आरंभ केला. हिंदुस्थानांत १९३९ सालीं टोळांची पूर्वसूचना देणारी संघटना निघाली. पुढें १९७८ मध्यें लंडनचें काम संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेकडे, रोमला गेलें. पूर्वीं पत्रें व तारा येत आणि नकाशावर हातानें खुणा होत. पत्र पोहोंचेपर्यंत झुंड दुसऱ्या मुलखांत गेलेली असे.

२०१५ च्या सुमारास निरीक्षकांच्या हातीं ‘ईलोकस्ट ३’ नांवाचें साधन आलें. पाटीएवढें दणकट यंत्र. त्यावर पाऊस, गवत हिरवें कीं वाळलेलें, जमिनींत ओल किती, पंख न फुटलेलीं पिलें आहेत कीं उडणारे टोळ, अशी नोंद करावयाची, आणि ती उपग्रहामार्फत आपल्या देशाच्या कचेरींत व रोमला जावयाची. २०२० मध्यें टोळधाड इतकी फैलावली कीं यंत्रें अपुरीं पडलीं. शिवाय करोनाच्या साथीमुळें देशोदेशींच्या सीमा बंद. तेव्हां अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या ‘प्लँटव्हिलेज’ मंडळीनें हेंच काम साध्या मोबाईलवर चालेल अशी व्यवस्था करून दिली. रेंज नसली तरी नोंद फोनमध्यें राहते व रेंज मिळतांच पुढें जाते. वाळवंटांत काम करणाऱ्या साधनास याहून महत्त्वाचा गुण आम्हांस दिसत नाहीं.

परंतु नकाशा बिघडतो तो बहुधा अगदीं क्षुल्लक जागीं. १८ अंश ३० मिनिटें हा अक्षांश एकानें १८.३० असा लिहिला आणि दुसऱ्यानें तो दशांश समजून वाचला, तर झुंड बसल्या जागीं २२ किलोमीटर सरकते. याहून मौज पाहा. अमरावतीचा अक्षांश सुमारें २०.९ व रेखांश ७७.७. कांहीं संगणकीय पद्धतींत रेखांश आधीं लिहितात, कांहींत अक्षांश. ही अदलाबदल झाली कीं अमरावतीचे टोळ थेट नॉर्वेच्याहि उत्तरेस, स्वालबार्डच्या बर्फाळ बेटांजवळ जाऊन बसतात! तेथली चूक कोणाच्याहि ध्यानांत येईल. बावीस किलोमीटरांची येत नाहीं, व फवारणीची गाडी रिकाम्या माळावर जाते. म्हणून चांगल्या साधनांत हे आंकडे माणसाकडून लिहवून घेत नाहींत. यंत्रच जागा टिपतें, आणि पाठविण्यापूर्वीं ती नकाशावर दाखवितें.

तेवढ्यानेंहि भागत नाहीं. निरीक्षक सडकेवर उभा आणि झुंड दोन किलोमीटरांवरच्या नाल्यांत. यंत्र टिपतें ती माणसाची जागा, टोळांची नव्हे. आपल्याकडे २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणींत बांधावर उभें राहून पिकाचें छायाचित्र घेणाऱ्या शेतकऱ्यास ही अडचण वेगळी समजावून सांगावयास नको.

ठिपक्याचें वयहि दिसलें पाहिजे. दहा दिवसांपूर्वींची झुंड आजच्याच रंगांत दाखविली, तर वाचणारा फसतो. झुंड केव्हांच गेलेली असते. आणि साधा नाकतोडा पाहून टोळ आले अशी नोंद कोणी केली, तर ती तज्ज्ञानें तपासल्यावांचून सर्वांच्या नकाशावर येऊं नये. यासाठीं प्रत्येक देशाच्या कचेरींत आलेली नोंद पारखणारा माणूस लागतो. यंत्रानें त्याचें काम कमी केलें नाहीं, उलट वाढविलें.

सर्वांत अवघड प्रश्न नकाशावरील कोऱ्या जागेचा. कोरें म्हणजे टोळ नाहींत, कीं तेथें कोणी गेलेंच नाहीं? याच कारणासाठीं ‘पाहिलें, आढळले नाहींत’ ही नोंद टोळ सांपडल्याच्या नोंदीइतकीच मोलाची मानतात. अरबस्तानांतील रुब अल् खाली या विस्तीर्ण वाळवंटांत २०१८ च्या मे महिन्यांत मेकुनु आणि ऑक्टोबरांत लुबान या वादळांनीं पाऊस पाडला. वाळू ओली झाली, गवत उगवलें, आणि टोळांच्या तीन पिढ्या तेथें निर्वेध वाढल्या. एका पिढींत सुमारें वीस पट, म्हणजे तिसऱ्या पिढीस आठ हजार पट. त्या भागांत वाटा नाहींत. शेजारीं येमेनांत युद्ध. निरीक्षक पोहोंचला नाहीं, म्हणून नकाशा स्वच्छ राहिला. पुढें त्या झुंडी येमेन व सोमालियामार्गें २०१९ च्या डिसेंबर अखेरीस केनियांत शिरल्या. तशी धाड त्या देशानें सत्तर वर्षांत पाहिली नव्हती.

ज्या मुलखाची पाहणी झालेली नाहीं तो कोरा न ठेवतां करड्या रेघांनीं भरून दाखवावा, असें आमचें मत आहे. नकाशा दिसावयास कुरूप होईल, हें कबूल. २०१८ सालीं रुब अल् खालीवर तशा रेघा ओढल्या असत्या, तरी तेथें टोळ मारावयास कोणी गेलें असतेंच असें नाहीं. परंतु आफ्रिकेंतील देशांस फवारणीचीं यंत्रें कांहीं महिने आधीं मागवितां आलीं असतीं.