एका पेटीत दोन चुली
कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह म्हणजे एका पेटीत दोन चुली. पहिली २,४५० मेगाहर्ट्‌झच्या लहरींनी पदार्थातले पाण्याचे रेणू हलवते. दुसरी तापलेल्या कॉइलची गरम हवा पंख्याने फिरवते.

घोळ होतो तो भांड्यांत. केकचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा कन्व्हेक्शनवर उत्तम, पण मायक्रोवेव्हवर ठिणग्या उडवू शकतो. उलट, ‘मायक्रोवेव्ह सेफ’ छापलेला प्लास्टिकचा डबा नानकटाईच्या १८० अंशांत वितळू शकतो. दोन्हीकडे चालते ती उष्णतारोधक काच. तीही फ्रीजमधून थेट आत नको.

कवचासकट अंडे तर नकोच! आतल्या वाफेने ते फुटते, कधी बाहेर काढल्यावरही. गुळगुळीत कपातले पाणी कधीकधी न उकळताच शंभर अंश ओलांडते आणि चमचा घालताच उसळते.

केकनंतर लगेच दूध तापवायचे असेल, तर हातमोजे घालून आतली धातूची जाळी आधी काढा.