नर्सबाईंना विचारायला काय हरकत आहे?

आपल्या मराठी मंडळींत आरोग्यावर बोलायची हौस कमी नाही. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, कोणताही विषय काढा, प्रत्येकाकडे अनुभव असतो आणि औषधही असते! पण संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य म्हटले की सगळे गप्प. मग हेच प्रश्न आम्हाला एकेकटीने, हळू आवाजात विचारले जातात. आम्ही दोघी या देशात नर्स म्हणून काम करतो. गेल्या पाच-सात वर्षांत या क्षेत्रात पुष्कळ बदल झाले, आणि ते आपल्या घरांपर्यंत पोचायला हवेत म्हणून हा लेख.

खरे तर हा विषय आपल्याला मुळीच परका नाही. मार्च १९२१ मध्ये मेरी स्टोप्सबाईंनी उत्तर लंडनमधल्या हॉलोवे भागात संततिनियमनाचे केंद्र उघडले. (त्यांची वंशशुद्धीची मते आज कोणालाच पटणार नाहीत, पण केंद्राचे महत्त्व त्याने कमी होत नाही.) त्याच १९२१ साली मुंबईत आपल्या रघुनाथ धोंडो कर्व्यांनी असेच केंद्र सुरू केले. पत्नी मालतीबाई त्यांच्याबरोबर काम करीत. कर्व्यांना विल्सन कॉलेजमधली प्राध्यापकी गमवावी लागली, 'समाजस्वास्थ्य' मासिकापायी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरी मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत, कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत, चालले. एवढी परंपरा असलेल्या भाषेतल्या माणसांनी आज लंडन-लेस्टरमध्ये राहून लाजावे, हे काही बरोबर नाही.

नर्स काय काय करते?

स्टोप्सबाईंच्या केंद्रातही येणाऱ्या बायकांना मुख्यतः सुईण-नर्सच तपासत असत. अडचण वाटली तर डॉक्टर. आज ते चित्र अधिक स्पष्ट झाले आहे. २००६ पासून खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्सला जवळपास सर्व औषधे स्वतः लिहून देता येतात. दंडात इम्प्लांट बसवणे, तांबी बसवणे वा काढणे, इंजेक्शन देणे, गुप्तरोगांच्या तपासण्या करणे, हे सगळे प्रशिक्षित नर्स करते. तेव्हा "डॉक्टर भेटले नाहीत, नर्सवरच भागवलं" अशी खंत करू नका. या कामात त्यांचाच हात जास्त बसलेला असतो.

पैशांचा प्रश्न नाही. १९७४ पासून संततिनियमनाची साधने सर्वांना मोफत आहेत, लग्न झालेले असो वा नसो. इंग्लंडमध्ये ही सेवा आणि गुप्तरोगांवरचे उपचार व्हिसा कोणताही असला तरी फुकट मिळतात. नुकत्याच आलेल्या सुनेने किंवा विद्यार्थ्याने कचरायचे कारण नाही. इंग्रजी जमत नसेल तर दुभाषी मागावा, त्याचेही पैसे पडत नाहीत. नवऱ्याने किंवा मुलीने दुभाषाचे काम करू नये. त्यांच्यासमोर बाई सगळे सांगेलच असे नाही.

आणि आम्हाला हमखास विचारला जाणारा प्रश्न: "नर्स आपल्यातलीच निघाली तर? सासूबाईंच्या कानावर जाईल ना!" नाही जाणार. गुप्तता पाळणे हा तिच्या नोकरीचा आणि नोंदणीचा भाग आहे. ती मोडली तर तिची नोंदणीच धोक्यात येते. स्वतंत्र सेक्शुअल हेल्थ क्लिनिकमध्ये तर तुमच्या जीपीलाही तुमच्या संमतीवाचून सहसा कळवत नाहीत.

भारतातून बॅगेत येणाऱ्या गोळ्या

येताना माला-डी किंवा तसल्याच गोळ्यांची सहा महिन्यांची बेगमी करून आणणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. या संयुक्त गोळ्या बहुतेकींना चालतात, सगळ्यांना नाही. रक्तदाब जास्त असेल, डोळ्यांपुढे चमकून होणारी अर्धशिशी असेल, पस्तिशीनंतर धूम्रपान असेल, तर त्या घेऊ नयेत; रक्तात गुठळी होण्याचा किंवा पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणून आधी रक्तदाब मोजून घ्यावा. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२३ पासून बऱ्याच फार्मसींत ही तपासणी करून गोळी सुरूही करून देतात, जीपीची वाट पाहावी लागत नाही.

एक जुनी समजूतही आता मागे पडली आहे. एकवीस दिवस गोळी आणि सात दिवस सुटी, या सुटीचा आरोग्याला काही फायदा नाही, असे इथल्या तज्ज्ञ संस्थेने २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्या सात दिवसांतला रक्तस्राव म्हणजे खरी पाळीही नव्हे. सुटी कमी करता येते, सलगही घेता येते. कसे ते नर्सला विचारा.

गौरी-गणपती किंवा लग्न जवळ आले की पाळी पुढे ढकलायची गोळी मागितली जाते. ती बहुधा नॉरएथिस्टेरॉन असते. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पाळी ढकलायला घेतलेल्या या गोळीवर गर्भनिरोधक म्हणून विसंबू नये. आणि पूर्वी गुठळी झाली असेल, वजन बरेच असेल, तर मुंबईच्या लांब विमानप्रवासाआधी ती घेण्यापूर्वी जरूर विचारावे.

तांबी, इम्प्लांट आणि इतर

तांबी बसवून आलेल्या बाईने तारीख आणि प्रकार लिहून ठेवावा. काही तांब्या पाच वर्षे चालतात, काही दहा. हार्मोनची कॉइल (५२ मिलिग्रॅमची) आता गर्भनिरोधनासाठी आठ वर्षांपर्यंत चालते. दंडातले इम्प्लांट तीन वर्षे. तेरा आठवड्यांचे एक इंजेक्शन आता शिकून घेतले तर घरीच टोचता येते. कॉइल बसवताना दुखण्याची भीती वाटत असेल तर आधीच सांगा. वेदना कमी करण्याचे उपाय आहेत. "बायकांना सोसायची सवय असते" हे तत्त्वज्ञान इथे चालवायचे नाही.

गफलत झालीच तर घाबरून बसू नका, वेळ घालवू नका. एक गोळी ७२ तासांत, दुसरी १२० तासांत घ्यायची असते. सर्वांत खात्रीची म्हणजे पाच दिवसांत बसवलेली तांबी. वजन सत्तर किलोंच्या वर असेल तर पहिल्या गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, ते फार्मसीत सांगावे. ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या पुष्कळ फार्मसींत ही गोळी फुकट मिळते. स्कॉटलंड आणि वेल्सची व्यवस्था थोडी वेगळी आहे, तिकडच्या वाचकांनी स्थानिक चौकशी करावी.

आपल्या लोकांत मधुमेह फार, म्हणून आणखी एक. माउंजारो हे इंजेक्शन चालू असेल तर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो. ते सुरू केल्यावर चार आठवडे आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे निरोधही वापरावा, असे इथल्या औषध नियंत्रकांनी जून २०२५ मध्ये सांगितले आहे.

चाळिशी-पन्नाशीच्या मैत्रिणींनो, "आता काय व्हायचंय" असे म्हणू नका. शेवटची पाळी पन्नाशीनंतर आली असेल तर त्यापुढे एक वर्ष, आधी आली असेल तर दोन वर्षे काळजी घ्यावी. पंचावन्नला बहुतेकींना सगळे थांबवता येते. एचआरटी म्हणजे गर्भनिरोधक नव्हे.

पुरुषांनाही थोडे सांगायला हवे. भारताच्या २०१९-२१ च्या पाहणीत विवाहित जोडप्यांपैकी सुमारे ३८ टक्क्यांत बाईची नसबंदी झालेली होती, पुरुषाची ०.३ टक्क्यांत. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी धोक्याची, भूल फक्त जागेपुरती. तरी टेबलावर बाईच!

मुलींचे, मुलांचे काय?

बाराव्या-तेराव्या वर्षी शाळेतून एचपीव्ही लसीचा फॉर्म घरी येतो. मुलींना २००८ पासून आणि मुलग्यांना २०१९ पासून ही लस देतात. २०२३ पासून एकच डोस पुरतो. "आमची मुलगी तशी नाही" म्हणून फॉर्म परत पाठवणारे पालक आम्ही पाहिले आहेत. ही लस चारित्र्याची नाही, कर्करोगाची आहे. संबंध येण्याच्या आधी दिली तरच तिचा पूर्ण उपयोग होतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या अभ्यासात, बारा-तेराव्या वर्षी ही लस दिल्या गेलेल्या पिढीत गर्भाशयमुखाचा कर्करोग ८७ टक्क्यांनी कमी दिसला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही आता अशी लस बनवली आहे.

आयांनीही २५ ते ६४ वयातली स्मिअर तपासणी टाळू नये. एकाच पुरुषाशी संसार केलेल्या बाईलाही हा विषाणू असू शकतो, वर्षानुवर्षे गुपचूप. तपासायला बाईच हवी असे आधी सांगता येते. इंग्लंडमध्ये जुलै २०२५ पासून, विषाणू नसेल तर पन्नाशीच्या आतल्या बायकांनाही पाच वर्षांनीच बोलावतात.

आणि सर्वांत अवघड भाग. १९८५ च्या गिलिक खटल्यापासून सोळा वर्षांखालच्या समंजस मुलीला आईबापांना न सांगता गर्भनिरोधनाचा सल्ला मिळू शकतो. हे ऐकून पुष्कळ पालक दचकतात. पण नर्स आधी "घरी सांगता येईल का?" असेच विचारते, कोणी जबरदस्ती करत नाही ना हे पाहते, आणि गंभीर धोका दिसला, किंवा मूल तेरापेक्षा लहान असले, तर गप्प बसत नाही. मुले क्लिनिकमध्ये गेली याचे वाईट वाटून घेऊ नये. वाईट केव्हा वाटावे? जेव्हा मूल कुठेच जात नाही आणि घरीही बोलू शकत नाही तेव्हा. क्लॅमिडियासारखा आजार लक्षणांवाचून राहतो आणि पुढे मूल होण्यात अडथळा आणतो. त्याची तपासणी बऱ्याच भागांत घरपोच येणाऱ्या किटवर होते, उपचार गोळ्यांचा.

तेव्हा एवढेच करा. आपल्या सर्जरीतल्या नर्सची दहा मिनिटे मागून घ्या, प्रश्न कागदावर लिहून न्या. मराठीत लिहिले तरी चालेल, वाचून दाखवा. आणि घरात वयात येणारी मुले असतील, तर फॉर्म टेबलावर पडलेला असतानाच त्यांच्याशी दोन वाक्ये बोला. पुढची ती स्वतःच विचारतील.